मुलांच्या मिशन शाळेत क्लब कसा काढावा आणि तो कसा टिकवावा

बडोद्याच्या मराठी घरांत फादरांच्या शाळेची निवड बहुतेक वेळा इंग्रजीसाठी आणि शिस्तीसाठी होते. मुलगा सातवी-आठवीत गेला की आईबाबांना तिसरी गोष्ट कळते: शनिवारी शाळा सुटली तरी काही मुलं घरी येत नाहीत. कुणी वादविवादाला थांबलेलं असतं, कुणी क्विझला, कुणी बँडच्या सरावाला. हीच मुलं मोठी होऊन शाळेत भेटायला येतात तेव्हा धड्यांबद्दल फारसं बोलत नाहीत, या शनिवारांबद्दल भरभरून बोलतात.

मी अशाच एका मुलांच्या शाळेत शिकवतो आणि मॉडरेटर म्हणून क्लबांचं काम बघतो. क्लब काढायची हौस असलेली आठवी-नववीतली मुलं, नुकतीच मॉडरेटरची जबाबदारी गळ्यात पडलेले शिक्षक आणि ‘क्लबमुळे अभ्यास मागे पडेल का’ या काळजीत असलेले पालक, अशा तिघांसाठी हे लिहितो आहे.

क्लब काढणं अवघड नाही, टिकवणं अवघड आहे. जुलैत वाजतगाजत सुरू झालेले क्लब दिवाळीच्या सुट्टीनंतर दिसेनासे होतात. जे दिसतात, तेही बऱ्याचदा दहावीतल्या एखाद्या हुशार मुलाच्या जिवावर चाललेले असतात आणि तो गेला की बंद पडतात. म्हणून पुढची प्रत्येक पायरी एका प्रश्नावर घासून बघा: आजचा सेक्रेटरी लिव्हिंग सर्टिफिकेट घेऊन गेल्यावर हे चालेल का?

कोणता क्लब?

नाव ठरवायच्या आधी एक परीक्षा घ्या. वर्षभर एकही स्पर्धा नसली, तर दर आठवड्याला या क्लबात करण्यासारखं काय असेल? उत्तर सुचत नसेल तर तो क्लब नव्हे, तो स्पर्धेला पाठवायचा संघ आहे. संघ हवाच असतो, पण त्यात चार-पाच मुलं मावतात. क्लबात पंचविसांना जागा हवी, आणि त्यातली निम्मी तरी अशी हवीत की ज्यांना कधीच ट्रॉफी मिळणार नाही.

काही तयार चौकटी बाहेरून मिळतात. रोटरीचा इंटरॅक्ट क्लब १२ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी असतो. १९६२ पासून तो चालू आहे आणि त्याला गावातल्या एखाद्या रोटरी क्लबचं पालकत्व लागतं. शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली प्रयोगशाळा) असेल तर सहावीपासूनच्या मुलांचा रोबोटिक्सचा क्लब तिथेच भरवता येतो. एनसीसी आणि स्काउट यांचे नियम, गणवेश, परीक्षा सगळं ठरलेलं असतं, त्यामुळे इथे त्यांच्यात शिरत नाही.

मला स्वतःला बडोद्यात राहून वाटतं की, जे गावातच पायाशी आहे त्यावर क्लब उभा करावा. निसर्गाचं मंडळ घ्या. शहराच्या मधून विश्वामित्री वाहते आणि तिच्यात मगरी आहेत. सयाजीबागेतल्या पुलावरून मुलांना त्या लांबून दिसतात, आणि लांबूनच बघायच्या. काठावर उतरणं कुठल्याही कारणासाठी नाही आणि पावसाळ्यात तर नदीकडे जाणंच नाही. डभोई तालुक्यातला वढवाणा तलाव गायकवाडी काळात शेतीच्या पाण्यासाठी बांधलेला. २०२१ मध्ये तो जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आला. हिवाळ्यात तिथे पट्टकादंब हंस आणि बदकं उतरतात, म्हणून डिसेंबर-जानेवारीतली एक सहल तिथे न्यावी. पण सहल वर्षातून एकदाच. बाकीचे शनिवार शाळेच्या मैदानावर: एक कडुलिंब, एक पिंपळ, मागची भिंत, एवढ्या जागेत तासाभरात कोणते पक्षी दिसले ते तारीख-वेळेसकट वहीत लिहायचं. फेब्रुवारीत ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना चार दिवस चालते आणि तिच्यात शाळांची आवारंही मोजली जातात. मॉडरेटरच्या नावाने पक्षीनोंदींच्या ई-बर्ड या वेबसाइटवर खातं काढलं की मुलांच्या याद्या तिथे जातात. तीन-चार वर्षं नोंदी साठल्या की सातवीतला नवा मुलगासुद्धा सांगू शकतो, साळुंक्या कमी झाल्या की वाढल्या.

शहराचा वारसा हा दुसरा विषय. विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून सयाजीरावांनी १९१० साली उभी केलेली सेंट्रल लायब्ररी, भिंतीवरच्या चित्रांसाठी तांबेकर वाडा, नंदलाल बोसांच्या भित्तिचित्रांसाठी कीर्तिमंदिर. प्रत्येक ठिकाणी एकच मुलगा वाटाड्या होतो आणि बाकीच्यांना दाखवतो. त्यासाठी त्याला महिनाभर वाचावं लागतं, आजोबांना विचारावं लागतं. दांडिया बाजारात वाढलेल्या मराठी मुलाला इथे घरचीच माहिती कामाला येते, आणि इंग्रजीत मागे पडणारा मुलगा अचानक पुढे उभा राहतो.

एप्रिलमध्येच अर्ज द्या

हे ज्याला माहीत नसतं त्याचं वर्ष वाया जातं. शाळेची डायरी उन्हाळ्याच्या सुट्टीत छापायला जाते. त्या डायरीत ज्या क्लबाचं नाव, वार आणि जागा छापली जाते, त्याला जूनमध्ये कुणी ‘हे काय नवीन’ असं विचारत नाही. ज्याचं नाव नसतं त्याला दर आठवड्याला सुपरवायझरकडे परवानगी मागत फिरावं लागतं. तेव्हा अर्ज वार्षिक परीक्षेनंतर, सुट्टी लागायच्या आत गेला पाहिजे. आधी एखाद्या शिक्षकाला विचारा, त्यांनी होकार दिला की दोघं मिळून प्रिन्सिपल फादरांना भेटा. मुलांनी थेट फादरांकडे जाऊन मॉडरेटर मागणं बरं दिसत नाही, आणि फळतही नाही.

अर्ज एका पानाचा. ध्येय, उद्दिष्ट, व्यक्तिमत्त्व विकास असले शब्द नकोत. असा लिहा:

‘निसर्ग मंडळ. इयत्ता सातवी ते नववी. सभासद जास्तीत जास्त पंचवीस. दर शनिवारी शाळा सुटल्यावर एक तास, बायोलॉजी लॅब आणि मैदान. साहित्य: प्रत्येकाची एक वही, शाळेची दुर्बीण. शाळेकडून खर्च: चार्ट पेपर आणि एक सहल, बसभाडं पालकांकडून. परीक्षेच्या आठवड्यात तास नाही. मॉडरेटर: अमुक सर. पहिले सहा शनिवार काय करणार ते मागे लिहिलं आहे.’

फादरांचं लक्ष शेवटच्या ओळीकडे जातं. सहा शनिवार ठरलेले आहेत म्हटल्यावर समोरच्याला कळतं की हा नुसता उत्साह नाही.

मुलांनाच पदं द्यायला कुणी कचरत असेल तर त्यांना जुना दाखला द्या. जेझुइट म्हणजे येशूसंघाच्या फादरांच्या शाळांसाठी १५९९ साली जी शिक्षणपद्धती ठरली, त्या ‘राशिओ स्टुडिओरम’मध्ये वर्गाबाहेरच्या विद्यार्थी-अकॅडमींचे नियम स्वतंत्र दिले आहेत: पदाधिकारी मुलांनी मतदानाने निवडायचे आणि देखरेखीला एक मॉडरेटर. म्हणजे मुलांच्या हाती कारभार देणं ही फादरांच्या शाळांची चारशे वर्षांची रीत आहे.

तास कुठे बसवायचा

क्लबाचा खरा शत्रू अभ्यास नाही, स्कूल व्हॅन आहे. व्हॅनवाले काका सुटल्यावर दहा मिनिटं थांबतात, एक तास थांबत नाहीत. मांजलपूर-मकरपुऱ्याकडच्या मुलांना मग यायलाच जमत नाही आणि क्लब फक्त फतेहगंज-सयाजीगंजच्या मुलांचा होऊन बसतो. यावर दोनच उपाय मला उपयोगी दिसले. एक, शाळेने आठवड्यातला एक तासच क्लबांसाठी राखून ठेवणं. हे सर्वांत उत्तम, आणि त्यासाठी पालकसभेत मागणी करायला हरकत नाही. दुसरा, एकाच भागातल्या मुलांच्या पालकांनी शनिवारी आळीपाळीने आणायला येणं. याची यादी जूनच्या पहिल्या आठवड्यातच करा.

दोन पाळ्यांच्या शाळेत वर्ग रिकामा कधी होतो ते शिपाईकाकांना विचारा, वेळापत्रकावर विसंबू नका. आणि ट्यूशन: शनिवारी दुपारी किती मुलांची ट्यूशन आहे हे वार ठरवायच्या आधी हात वर करायला लावून मोजा.

एकदा ठरलेला वार हलवायचा नाही. तीनच मुलं आली तरी तास घ्यायचा. मुलांना एकदा ‘आज आहे की नाही’ असा प्रश्न पडायला लागला की क्लब उतरणीला लागतो.

पहिला तास

पहिल्या तासाला सगळे भाषणं करतात आणि दुसऱ्याला निम्मी मुलं येत नाहीत. पहिल्याच दिवशी मुलांनी काम केलेलं असलं पाहिजे. वादविवाद क्लबचा पहिला तास मी असा घेतो.

पहिली पाच मिनिटं नावं आणि इयत्ता, बस. मग फळ्यावर विषय: ‘दहावीच्या मुलाने उत्तरायणाला गच्चीवर जाऊ नये.’ उत्तरायण म्हणजे पतंगांचा सण, बडोद्यातल्या मुलाला यावर मत नाही असं होतच नाही. वर्ग मधून दोन भागांत, डावीकडचे बाजूने, उजवीकडचे विरुद्ध. आवड विचारायची नाही. दहा मिनिटं गटात चर्चा, आणि ती मराठीत, गुजरातीत, हिंदीत, कशातही. बोलताना इंग्रजी. हा फरक फार महत्त्वाचा आहे. विचार करायला मोकळीक असली की मुद्दे चांगले येतात, आणि मुद्दा हातात असला की मोडकंतोडकं इंग्रजीसुद्धा धीराने बोललं जातं.

मग प्रत्येक बाजूचे चार जण, प्रत्येकी एक मिनिट. घड्याळ सातवीतल्या मुलाच्या हातात द्या आणि मिनिट संपलं की टाळी वाजवायचा अधिकार त्याचा, समोर दहावीचा दादा असला तरी. हे झालं की बाजू बदलायच्या. आत्ताच ‘गच्चीवर जाऊ नये’ म्हणणाऱ्याने आता जायला हवं हे पटवायचं. इथे हशा होतो, गडबड होते, आणि मुलांना कळतं की समोरच्याचं ऐकलं नसेल तर त्याची बाजू मांडता येत नाही. शेवटची पाच मिनिटं दोन कामं: पुढच्या शनिवारचा विषय मुलांनी ठरवायचा, आणि आजचा तास कुणी लिहून ठेवायचा ते ठरवायचं. विजेता जाहीर करायचा नाही.

मुलगेच असलेल्या शाळेत

गाणं, नाटक, कविता, चित्र यांना ‘मुलींचं काम’ म्हणून चिडवणारा एक गट मुलांच्या शाळेत असतोच. त्याकडे दुर्लक्ष केलं तर गायनाच्या क्लबात पाचवी-सहावीचीच मुलं उरतात. ज्या गावात सयाजीरावांनी १८८६ साली गायक मौलाबक्षांकडून संगीतशाळा उभी करवली आणि जिथे १९५० पासून युनिव्हर्सिटीची फाइन आर्ट्स फॅकल्टी आहे, तिथे असं व्हावं याचं वाईट वाटतं.

उपाय आहेत. फुटबॉलच्या किंवा क्रिकेटच्या संघातला, ज्याचा वर्गात वचक आहे असा मुलगा हेरा आणि त्याला एकट्याला बोलावून सांगा, ‘नाटकात तुझी गरज आहे.’ नोटीस लावून तो कधीच येणार नाही, विचारलं तर बहुधा येतो. पहिले दोन महिने सराव बंद खोलीत, बघ्यांना प्रवेश नाही. आठवी-नववीत आवाज फुटतो, तेव्हा मुलं लाजून गाणं सोडतात. अशांना तबला, गिटार किंवा खालच्या पट्टीतला भाग द्या, काढू नका. युनिव्हर्सिटीच्या परफॉर्मिंग आर्ट्स आणि फाइन आर्ट्सच्या विद्यार्थ्यांना महिन्यातून एकदा बोलवा. विशीतला दादा पेटी वाजवताना किंवा कुंचला चालवताना दिसला की चिडवणाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात.

प्रार्थना, प्रभू आणि पालकांच्या शंका

बडोद्यातल्या मिशन शाळांत बहुसंख्य मुलं कॅथलिक नसतात. काही क्लब श्रद्धेचेच असतात: मिसेत फादरांना मदत करणारे वेदीसेवक, मारियामातेच्या भक्तीची सोडॅलिटी, यंग ख्रिश्चन स्टुडन्ट्स. ते कॅथलिक मुलांसाठी आहेत हे डायरीत स्पष्ट लिहावं. बाकीचे सगळे सर्वांसाठी. तासाच्या सुरुवातीला छोटी प्रार्थना होत असेल तर पालकांना ते आधीच सांगा. आपल्या मराठी घरांतून याला विरोध झालेला मी पाहिलेला नाही, पण न सांगता कळलं तर शंका येते. प्रार्थना सांगायची पाळी येते तेव्हा मुलाला आपल्या घरची प्रार्थना म्हणायची मुभा असावी. माझ्या तासाला एखादा मुलगा मनाचा श्लोक म्हणतो, एखादा ‘आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणतो, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

सेवेच्या क्लबबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण मिशन शाळांचा प्राण तिथे आहे. १८३३ साली पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम नावाचा विशीतला विद्यार्थी मित्रांबरोबर वादविवाद मंडळ चालवत होता. चर्चेत विरोधकांनी त्याला विचारलं, तुमचं चर्च आज गरिबांसाठी काय करतं? त्या प्रश्नातून सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी उभी राहिली, जी आजही अनेक चर्चमध्ये काम करते. या मुलांनी सुरुवात केली ती गरिबांच्या घरी स्वतः जाऊन.

आपल्याकडे मात्र सेवा म्हणजे नाताळच्या आधी एक दिवस ब्लँकेटवाटप आणि फोटो. हे बंद करा. एकच जागा निवडा, जवळची: एखादा वृद्धाश्रम, किंवा वस्तीतल्या प्राथमिक शाळेतली चौथीची मुलं. तीच सहा-आठ मुलं वर्षभर, पंधरा दिवसांनी एकदा, तिथे जातील. चौथीच्या मुलाला वजाबाकी शिकवताना हातचा कसा समजवायचा यावर नववीचा मुलगा डोकं खाजवतो, तेव्हा त्याला पहिल्यांदा कळतं की शिकवणं किती कठीण असतं. परत आल्यावर दहा मिनिटं बसून बोलायचं: आज काय पाहिलं, काय खटकलं, पुढच्या वेळी काय करू. जेझुइट शाळांत अनुभव, चिंतन आणि कृती असा हा क्रम सांगितला जातो. १९७३ साली व्हॅलेन्सियात जेझुइटांचे प्रमुख पेद्रो अरुपे यांनी माजी विद्यार्थ्यांपुढे ‘इतरांसाठी जगणारी माणसं’ घडवण्याची भाषा केली होती. मधली दहा मिनिटं गाळली तर ते शब्द भिंतीवरच्या पाटीवरच राहतात.

सुरक्षितता आणि पैसा

यात तडजोड नाही. मोठ्या माणसाने एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं थांबायचं नाही, दार उघडं किंवा दुसरी मोठी व्यक्ती सोबत. बाहेर जाताना दोन मोठी माणसं, पालकांची लेखी परवानगी, आणि सगळ्यांचे फोन नंबर कागदावर. मॉडरेटरने मुलांना खासगी मेसेज करायचे नाहीत. सूचना पालकांच्या ग्रुपवर जातील. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यालाही हेच नियम लागू. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा पॉक्सो कायदा २०१२ पासून आहे आणि त्याखाली तक्रार कळवणं बंधनकारक आहे. तेव्हा एखादा मुलगा काही सांगायला आला तर ऐकून घ्या, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका आणि त्याच दिवशी प्रिन्सिपलांपर्यंत पोचा. मुलांसाठी शाळा काढणारे इटालियन संत डॉन बॉस्को मुलांच्या खेळातच मोठ्यांनी वावरावं असं म्हणत, आणि त्याचा अर्थ इथे फार व्यवहारी आहे: मॉडरेटर स्टाफरूममध्ये चहा पीत असेल तर तास चालू आहे असं म्हणता येणार नाही.

पैसे मुलांनी गोळा करायचे नाहीत. जे काही असेल ते ऑफिसात भरून पावती घ्यायची. खजिनदार मुलाने हिशेब लिहायचा, रोकड सांभाळायची नाही. शेवटच्या तासाला सगळ्यांना सेव-उसळ खाऊ घालायची असेल तर तीसुद्धा हिशेबात लिहा.

वर्षाची आखणी

जून-जुलैत सभासद आणि पहिले सहा तास. ऑगस्टमध्ये छोटं सादरीकरण, पालकांना बोलावून. नवरात्रीत संध्याकाळी कुणी येणार नाही, रात्री दोनपर्यंत गरबा खेळलेल्या मुलाकडून सकाळी वादविवादाची अपेक्षा करू नका. ते नऊ दिवस सोडून द्या. मग परीक्षा आणि दिवाळीची सुट्टी. सुट्टीनंतरचा पहिला शनिवार सर्वांत धोक्याचा असतो. त्या दिवसाचा कार्यक्रम सुट्टीआधीच ठरवून मुलांच्या वहीत लिहून द्या आणि तो सर्वांत मजेचा ठेवा, सहल किंवा कॉन्व्हेंटच्या मुलींच्या शाळेबरोबर वादविवाद. अशा दिवशी मुलं शर्ट इस्त्री करून येतात आणि मुद्देही नीट तयार करून येतात.

डिसेंबरपासून दहावीच्या मुलांना सोडा. फेब्रुवारीअखेर-मार्चमध्ये बोर्ड असतं. ‘फक्त हा एक कार्यक्रम कर’ असं म्हणू नका.

हस्तांतर

सेक्रेटरी नववीतला असावा, दहावीतला नाही. त्याच्या हाताखाली आठवीतला एक सहसेक्रेटरी. नव्या निवडणुका जानेवारीत उत्तरायण झाल्यावर, म्हणजे नव्या मुलांना दोन महिने जुन्यांच्या सोबतीने काम करायला मिळतं.

क्लबाची एक जाड रजिस्टर वही असते. तिच्यात प्रत्येक तासाची तारीख, हजर मुलांची संख्या, काय झालं ते दोन-चार ओळींत, आणि ‘जमलं नाही’ असा एक रकाना. हा रकाना मी आग्रहाने भरून घेतो. ‘प्रोजेक्टर चालला नाही, वायर ऑफिसच्या कपाटात होती’ अशा नोंदी पुढच्या सेक्रेटरीला भाषणांपेक्षा जास्त कामाच्या. जाणारा सेक्रेटरी शेवटच्या दोन पानांवर लिहितो: लॅबची किल्ली कुणाकडे असते, वृद्धाश्रमात कुणाला फोन करायचा, बसवाला किती दिवस आधी सांगावा लागतो, कोणत्या मुलाला पुढच्या वर्षी बोलतं करायचं आहे. मॉडरेटर खाली सही करतो आणि वही नव्या मुलाच्या हातात जाते, सगळ्यांसमोर. पहिला तास त्यानेच घ्यायचा. मॉडरेटर आणि जुना सेक्रेटरी त्या दिवशी शेवटच्या बाकावर बसतात आणि विचारल्याशिवाय बोलत नाहीत.